परक्याच्या परसात: इंग्लंडमधल्या घरगुती बागा बघायला जाताना

इंग्लंडमध्ये मे-जूनच्या सुमारास खेड्यांतल्या रस्त्यांवर कुंपणांना अडकवलेल्या पिवळ्या पाट्या दिसू लागतात. आज बाग खुली आहे, एवढाच मजकूर; खाली वेळ आणि बाण. रेडिंगला राहायला आल्यापासून मी बसच्या खिडकीतून या पाट्या बघत होते आणि दर वेळी वाटायचं, हे गावातल्यांचं आपसातलं काहीतरी असणार, आपण कशाला जायचं. कुणाच्या तरी घरामागची बाग, घरमालक तिथेच खुर्ची टाकून बसलेले, आणि आपण फाटकातून आत शिरायचं? ओळख ना पाळख.

यंदा बाबा साताऱ्याहून आले आणि हा संकोच बाजूला ठेवावा लागला. बाबा कृषी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना लंडन दाखवलं, विंडसर दाखवलं. म्युझियममध्ये पाय दुखतात म्हणून ते बाकावर बसून राहिले. पण आमच्या गल्लीत एका शेजाऱ्याने काठ्यांवर चढवलेल्या घेवड्यापुढे मात्र रोज सकाळी उभे. त्यांना काय दाखवायला हवं ते मला त्या घेवड्याने सांगितलं. साताऱ्याहून पुण्याला जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाणारा माणूस हा; त्याला राजवाडे कशाला?

तर या पाट्या असतात नॅशनल गार्डन स्कीम या संस्थेच्या. इंग्लंड आणि वेल्समधल्या साडेतीन हजारांच्या आसपास बागा, बहुतेक खासगी घरांच्या, वर्षातला एखाद-दुसरा दिवस लोकांसाठी उघडतात. तिकिटाचे पैसे जातात नर्सिंग आणि आरोग्यसेवेच्या संस्थांना. स्कॉटलंडची अशीच योजना वेगळी आहे, तिकडे राहणाऱ्यांनी ती शोधावी. संस्था दरवर्षी सगळ्या बागांचं एक जाडजूड पुस्तक काढते, पिवळ्या मुखपृष्ठामुळे लोक त्याला यलो बुकच म्हणतात. ते विकत घ्यायची गरज नाही. वेबसाइटवर आपला पोस्टकोड आणि तारीख टाकली की जवळच्या बागा दिसतात.

शोधताना प्रत्येक बागेची माहिती शेवटपर्यंत वाचा. काही बागांना आधी ऑनलाइन तिकीट काढावं लागतं, बहुतेक ठिकाणी फाटकावर पैसे देऊन चालतं. काही बागा ठरलेल्या दिवशी उघडतच नाहीत, मालकांशी आधी बोलून गटाने जावं लागतं. चहा आहे का, रोपं विकायला आहेत का, कुत्रा चालतो का, व्हीलचेअर जाते का, यांच्या खुणा असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं: खासगी बागेत स्वच्छतागृह बहुधा नसतं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर हे आधी बघा, गुलाब नंतर. मी म्हणूनच एकट्या बागेऐवजी एका गावाची सामूहिक खुली बाग निवडली. त्यात गावातल्या पाच-सहा घरांच्या बागा एका तिकिटावर बघता येतात, आणि चहा गावच्या सभागृहात असल्यामुळे स्वच्छतागृहाचा प्रश्न सुटतो.

तारीख ठरली रविवार, 15 जून 2025, दुपारी एक ते पाच. गाव हॅम्पशर परगण्यात, विंचेस्टरच्या पुढे, इचन नदीच्या खोऱ्यात.

आमच्याकडे गाडी नाही. या बागा खेड्यांत असल्यामुळे खरी कसोटी प्रवासाची असते, आणि रविवारी तर जास्तच. आम्ही टू टुगेदर नावाचं रेलकार्ड काढलं. 35 पौंड, वर्षभर चालतं, दोन ठरावीक माणसं एकत्र प्रवास करणार असतील तर तिकिटाची एक तृतीयांश रक्कम वाचते. दोघांचेही फोटो अपलोड करावे लागतात. बाबांच्या व्हिसाच्या वेळचा फोटो चालला. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी हे कार्ड चालत नाही, शनिवार-रविवार ते बंधन नाही. बाबा सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर आहेत, पण कार्ड काढायला त्याने काही अडत नाही. रेडिंग ते विंचेस्टर थेट गाडी असते. सवलत धरून दोघांचं जाऊन-येऊन तीसेक पौंडांत बसलं. रविवारी रुळांची कामं निघतात आणि रेल्वेऐवजी बस लावतात, म्हणून शनिवारी रात्री एकदा आणि सकाळी निघताना एकदा वेळापत्रक बघितलं. पुढे गावापर्यंत बस. इंग्लंडमध्ये सध्या बहुतेक बसचं एका फेरीचं भाडं 3 पौंडांवर जात नाही. परतीच्या बसच्या वेळा कागदावर लिहून घेतल्या, कारण खोऱ्यात उतरलं की फोनला रेंज असेलच असं नाही. शेवटची बस चुकलीच तर म्हणून विंचेस्टरच्या एका टॅक्सीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून भाडं विचारून ठेवलं. गावात हात करून टॅक्सी मिळत नाही.

रेल्वेत बाबांनी विचारलं, “पैसे नेमके कुणाला जातात?” ते असं विचारणार हे माहीत होतं, म्हणून मी वाचून आले होते. 1859 मध्ये लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने आजारी बायकोसाठी घरी एक नर्स ठेवली होती. बायको गेल्यावर त्याने त्याच नर्सला शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायला सांगितलं. घरोघर जाणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सची पद्धत तिथून वाढत गेली. या नर्सेसच्या संस्थेला पैसे हवे होते, तेव्हा तिच्या कौन्सिलवरच्या एल्सी वॅग या बाईंनी सुचवलं की लोकांना आपल्या बागा उघडायला सांगू, माणशी एक शिलिंग घेऊ. पहिल्या वर्षी, 1927 मध्ये, 609 बागा उघडल्या आणि 8,191 पौंड जमले. 1948 मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली आणि डिस्ट्रिक्ट नर्सचा पगार सरकारकडे गेला, तरी बागा उघडतच राहिल्या. आता पैसे मॅकमिलन आणि मेरी क्यूरी या रुग्णसेवेच्या संस्था, हॉस्पिसेस म्हणजे शेवटच्या आजारातल्यांची शुश्रूषागृहं, पार्किन्सन्सच्या रुग्णांची संस्था, अशा ठिकाणी वाटले जातात. वर्षाला तीस लाख पौंडांच्या वर.

बाबांनी मान हलवली. मग म्हणाले, “पावती देतात का?”

सभागृहासमोर टेबल मांडून दोन बायका बसल्या होत्या. माणशी 10 पौंड, लहान मुलं फुकट. बाबांनी मनात हिशेब केला, साडेअकराशे रुपये, आणि खिशातली वीसची नोट काढून पुढे केली. त्यांना एक हातरंगी नकाशा मिळाला आणि शर्टाला लावायला पिवळा स्टिकर. बाबा थांबून राहिले. मला कळलं ते कशासाठी थांबलेत. गणपतीच्या वर्गणीलासुद्धा पावतीपुस्तक फाडून घेतल्याशिवाय त्यांचा हात मागे येत नाही. मी विचारलं. त्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, रोख रकमेची नाही देत आम्ही, कार्डने दिले असते तर मशीनमधून निघाली असती. बाबा म्हणाले, “मग कार्डने दे.” नोट परत घेतली गेली, माझं कार्ड टेकवलं, चिठोरी निघाली, ती बाबांच्या पाकिटात गेली. कुणाला असाच कागद लागत असेल तर हे लक्षात ठेवा. पण थोडी रोख रक्कमही असू द्या, रोपांच्या टेबलावर मशीन नसतं.

पहिल्या घराच्या फाटकाशी बाबांचे पाय अडखळले. फाटक उघडं, पाटी लावलेली, तरी ते चपलांकडे बघत उभे. बूट काढायचे का, असं त्यांना विचारायचं होतं. गवताच्या छपराचं बुटकं घर, बाजूने विटांची वाट, वाटेवर कॅटमिंटचे जांभळे झुपके झुकलेले, आणि मागे एक सत्तरीच्या बाई टोपी घालून उभ्या. त्यांनी दुरूनच हात केला. संकोचाचं म्हणाल तर तो या हात करण्याने संपतो, अशी माझी पाचही बागांतली गोष्ट आहे. मालक तिथे असतात ते पहाऱ्याला नसतात, कुणीतरी झाडाचं नाव विचारावं म्हणून थांबलेले असतात. ज्यांना इंग्रजी बोलायचं दडपण येतं त्यांनी झाडाकडे बोट दाखवावं. पुढची दहा मिनिटं समोरचं माणूसच बोलतं.

बाबांनी बोट दाखवलं ते डेल्फिनियमकडे. माणसाच्या उंचीचे निळे तुरे, प्रत्येकाला काठीचा आधार, पण खालची पानं कुरतडलेली. गोगलगाय, असं त्या बाईंनी तोंड वाकडं करून सांगितलं. रात्री टॉर्च घेऊन वेचते, बशीत बिअर ठेवते, त्यात बुडतात, पण संपत नाहीत. हे मी मराठीत सांगितलं आणि बाबा एकदम कामावर रुजू झाले. “लातूर-बीडकडं 2022 ला कोवळं सोयाबीन खाल्लं गोगलगायींनी. सांग त्यांना, गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवायचं, संध्याकाळी वाफ्याकडेला अंथरायचं. सकाळी उचललं की खाली सगळ्या गोळा.” मला गुळाला इंग्रजीत काय सांगावं सुचेना, मी काळी साखर म्हटलं. बाईंनी ते एका पाकिटाच्या मागे लिहून घेतलं. मग बाबांना बिअरचं प्रमाण हवं होतं. माळकरी माणूस, गळ्यात तुळशीची माळ, आणि बशीत किती बिअर ओतायची ते विचारतोय. मी भाषांतर करताना हसू दाबत होते.

दुसरी बाग मोठ्या घराची. लांबच लांब फुलांचा पट्टा, भिंतीसारखी कापलेली यू-वृक्षाची हिरवी कुंपणं, मधे तळं. फोटो छान येतात. आम्ही तिथे फार रमलो नाही. मालकांच्या हाताखाली दोन माळी आहेत असं कळल्यावर बाबांची उत्सुकता ओसरली.

तिसऱ्या बागेत मात्र आम्ही तासभर होतो. बाग फार मोठी नव्हती, उतारावरची होती. बाबांनी वाफ्यातली चिमूटभर माती बोटांत चोळली, पांढरे खडे बघितले आणि म्हणाले, “चुनखड आहे.” हा सगळा भागच खडूच्या टेकड्यांचा, नदीही त्यातूनच झिरपून येते. मालक गृहस्थांनी ते ऐकून एक फावडं आणलं, वीतभर खोदून दाखवलं. खाली पांढरंफटक. अशा जमिनीत लोह असतं पण मुळांना घेता येत नाही, नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. आमच्याकडे उसावर असं झालं की केवडा पडला म्हणतात. म्हणूनच त्या गृहस्थांची कॅमेलियाची झाडं कुंड्यांत होती, आम्लधर्मी मातीत, आणि त्यांना ते पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी घालत होते. नळाच्या पाण्यातही चुना असतो, त्याने सगळी मेहनत वाया जाते. यंदा वसंतात पाऊसच झाला नाही, पिंपं रिकामी झाली, असं ते वैतागून सांगत होते. हायड्रेंजिया दाखवून म्हणाले, हिच्या लेबलवर निळी फुलं होती, माझ्या या चुनखडीत आल्यापासून गुलाबी फुलते. बाबांनी फेरस सल्फेटच्या फवारणीचं विचारलं, त्यांनी कपाटातून चिलेटेड लोहाची, म्हणजे झाडाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, बाटली काढून दाखवली. मग दोघांनी लेबल वाचलं. मला फारसं भाषांतर करावं लागलं नाही. खतांच्या लेबलावरची अक्षरं दोघांनाही येत होती.

तिथून निघताना मी त्यांना विचारलं की बाग उघडायची म्हणजे काय करावं लागतं. आधी परगण्याच्या समितीतलं कुणीतरी येऊन बाग बघतं. गर्दीला फिरायला पुरेशी आहे का, बघण्यासारखं काही आहे का, गाड्या कुठे लावणार, पायऱ्या धोक्याच्या नाहीत ना. तारीख आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच कळवावी लागते, कारण पुस्तक छापायचं असतं. पाट्या संस्था पुरवते. मग आठ-नऊ महिने आधी ठरवलेल्या दिवशी पाऊस येतो की ऊन, आणि गुलाब आठवडाभर आधीच फुलून जातो की काय, ही काळजी आपली आपण करायची. ते उघडायला का लागले तेही त्यांनी सांगितलं. पत्नीच्या शेवटच्या आठवड्यांत मेरी क्यूरीची नर्स रात्री घरी येऊन बसायची, त्यामुळे त्यांना झोपता यायचं. एवढंच म्हणाले आणि पुन्हा हायड्रेंजियाकडे वळले.

चहाला सभागृहात रांग होती. चहा दोन पौंड, केकचा तुकडा तीन. सगळे केक गावातल्या बायका-पुरुषांनी घरून करून आणलेले: लिंबाचा, कॉफी-अक्रोडाचा, जॅम घातलेला व्हिक्टोरिया स्पंज, स्कोन. बाबा अंडं खात नाहीत. प्रत्येक केकपुढे काय काय घातलंय त्याचं कार्ड होतं, आणि टेबलामागच्या मुलीने स्वतःहून सांगितलं की स्कोनमध्ये अंडं नसलं तरी वरून अंड्याचा हात फिरवलेला आहे. हे मला कार्डावरून कळलं नसतं, तेव्हा विचारा. एक गाजराचा व्हेगन केक होता, बाबांनी त्याचे दोन तुकडे घेतले. माझ्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, पण ती बसथांब्यावर खायची ठेवली. बागेत डबा उघडून बसायची पद्धत नाही, आणि चहाचे पैसेही त्याच कामाला जातात.

थोडं बाकीचं. जूनमध्ये गवताचे परागकण उडतात. ज्यांना शिंका येतात त्यांनी सकाळीच गोळी घ्यावी. चपलांऐवजी बूट घाला, वाटा खडीच्या आणि ओल्या गवताच्या असतात. फोटो काढायच्या आधी विचारा, विशेषतः घर किंवा माणसं येत असतील तर. फांदी, बी, गळलेलं फळ, काहीही न विचारता उचलायचं नाही. विचारलं तर बऱ्याचदा मालक स्वतः तोडून देतात.

चौथ्या बागेचं टोक नदीच्या एका फाट्याला लागलेलं होतं. पाणी इतकं नितळ की तळातल्या गारगोट्या मोजाव्यात. त्यात ट्राउट मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी शेपूट हलवत उभे. बाबा लाकडी बाकावर बसले. त्या आठवड्यात देहू-आळंदीहून पालख्या निघायच्या होत्या आणि त्यांचं मन सकाळपासून तिकडेच होतं. पाणी बघत ते म्हणाले, “अठराला तुकोबा निघतील, एकोणीसला माऊली.” मी काही बोलले नाही. वर्षानुवर्षं लोणंदला पालखीत सामील होणाऱ्या माणसाला आपण उन्हाळ्यात इकडे बोलावलं, ही टोचणी मला होतीच. तिकिटं जूनची स्वस्त मिळाली होती.

पाचवी बाग भाज्यांची. हेझलच्या काठ्यांवर घेवडा, जाळीखाली स्ट्रॉबेरी, आणि कंपोस्टचे तीन कप्पे: एक भरता, एक कुजता, एक वापरता. बाबांनी तिसऱ्यातली मूठ हुंगून पसंतीची मान डोलावली. कोथिंबीर मात्र फुलोऱ्यावर गेलेली. “उन्हात लावली असणार,” असं म्हणून ते सावलीची जागा शोधून मालकीणबाईंना दाखवून आले. तोवर माझ्याशिवाय बोलायला त्यांना काही अडत नव्हतं. पावणेपाचला त्यांना अक्षरशः ओढून बसथांब्यावर आणावं लागलं.

फाटकाजवळच्या टेबलावरून आम्ही दोन रोपं घेतली, एक जिरेनियम आणि एक सफेद फॉक्सग्लोव्ह, तीन-तीन पौंड. फॉक्सग्लोव्ह विषारी असतो, घरात लहान मूल असेल तर घेऊ नका. पहिल्या बाईंनी बाबांना स्वीट पी या फुलवेलीचं बी कागदात बांधून दिलं होतं. ते साताऱ्याला न्यायचं का, असं मी विचारलं तर बाबांनी माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघितलं. “2003 चा प्लँट क्वारंटाइन ऑर्डर आहे. परवाना लागतो, तिकडचं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, म्हणजे बी निरोगी असल्याचा दाखला लागतो. बी असं खिशातून न्यायचं नसतं.” तेव्हा बी माझ्या गॅलरीतल्या कुंडीत जाणार, ऑक्टोबरमध्ये.

दिवसाचा खर्च, रेलकार्ड सोडून: रेल्वे तीसेक, बस 12, तिकिटं 20, चहा-केक 13, रोपं 6. म्हणजे ऐंशीएक पौंड. गाडी असेल तर निम्म्यात होईल, आणि आपल्याच गावातली बाग निवडली तर माणशी पाच-सात पौंडांतही.

आता बाबांनी वेबसाइट स्वतःच उघडायला सुरुवात केली आहे. जुलैमध्ये एका ठिकाणी गावकऱ्यांना भाड्याने दिलेले भाजीचे तुकडे, अलॉटमेंट म्हणतात ते, याच योजनेत उघडणार आहेत. तिथे रविवारी बस जात नाही. टॅक्सीवाला स्टेशनपासून 18 पौंड म्हणतोय, बाबा म्हणतात, दोन मैल तर आहे, चालत जाऊ.